पहिला नंबर गैरहजर

कुठल्याही खेळाच्या विजेत्यांची यादी हाताला लागली की मी ती वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. क्रिकेट-टेनिसच्या याद्यांमध्ये अधूनमधून एखादं नाव दचकवतं, हा मधेच कुठून आला, असं वाटतं. आइस स्पीडवेची, म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकल शर्यतींची यादी वाचताना मात्र आधी जांभईच येते. १९६६, गब्दराखमान कादिरोव, सोव्हिएत संघ. १९६७, बोरिस समोरोदोव, सोव्हिएत संघ. मग कादिरोव. परत कादिरोव. १९७० साली आंतोनिन श्वाब नावाचा चेकोस्लोव्हाकियाचा गडी मधेच घुसतो आणि लगेच पुढची तीन वर्षं पुन्हा कादिरोव. एकट्या माणसाची सहा जगज्जेतेपदं. त्याच्यानंतर सेर्गेई ताराबांको, ओळीने चार वर्षं. सोव्हिएत संघ मोडला, देशाचं नाव बदललं, या यादीला त्याचा पत्ताच नाही. २००५ ते २०१२ निकोलाय क्रास्निकोव, एका दमात आठ वेळा. मग दानिल इवानोव, दिमित्री कोल्ताकोव आणि शेवटी २०२१ साली दिनार वालेयेव.

या ५६ वर्षांत बाहेरच्यांच्या वाट्याला आली सात विजेतेपदं, तीही पाच जणांत मिळून. श्वाब झालाच. १९७४ला त्याचाच देशबंधू मिलान श्पिंका, १९८४ आणि १९८८ला स्वीडनचा एरिक स्टेनलुंड, १९९०ला फिनलंडचा यार्मो हिरवासोया, आणि १९९५ व २००२ला स्वीडनचा पेर-ओलोफ सेरेनियस. सेरेनियसने दुसऱ्यांदा मुकुट मिळवला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. उरलेली ४९ विजेतेपदं एकाच घरात.

आणि मग २०२३ : मार्टिन हाराहिल्टुनेन, स्वीडन. पुढच्या वर्षीही तोच. यादीत एवढा मोठा खांदेपालट झाला त्याचं कारण मात्र बर्फावर सापडत नाही. नेहमी पहिले येणारे तिथे आलेच नव्हते. युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे रशियनांना येऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय : सगळ्यात ताकदवान माणसं दाराबाहेर उभी असताना आत जो जिंकतो, त्याला जगज्जेता म्हणायचं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ते पटवून द्यायला मला थोडं लांबून यावं लागेल.

या खेळापर्यंत मी पोचलो तो जावामुळे. पुण्यात माझ्या काकांकडे येझदी होती. किक मारायची, मग तीच दांडी आत दाबून पुढे वळवली की तिचाच गिअर व्हायचा. मागे दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की काका कोपऱ्यावर वळले की काकू चहाचं आधण ठेवायच्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९९६ला कारखाना बंद झाला, तरी पुण्यात त्या अजून पुजल्या जातात. रविवारी सकाळी येझदीवाल्यांचा जथा दिसला नाही असं होत नाही. टाकीवर पुढे ‘येझदी’ लिहिलं गेलं तरी मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं जावा, हे काकांनी मला गाडी पुसायला लावताना सांगितलं होतं. पुढे नोकरीसाठी म्युनिकला आलो. एका हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फ, तुफान वेग, जवळजवळ आडव्या झालेल्या मोटरसायकली. म्हणाला, या तुमच्या जावा.

आमच्या म्हणण्यात थोडी ओढाताण होती. काकांची गाडी टू-स्ट्रोक, रोज ऑफिसला नेणारी. बर्फावरच्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, ५०० सीसीचं. ते घडलं प्रागच्या आग्नेयेला दिविशोव नावाच्या छोट्या गावात. यारोस्लाव सिमांडल या माणसाने तिथे एसो नावाने शर्यतीच्या मोटरसायकली बांधायला सुरुवात केली आणि १९६४ साली एसो जावामध्ये विलीन झाली. म्हणजे नात्याने चुलतच. पण नातं ते नातं. बर्फावरच्या शर्यतींत वर्षानुवर्षं जवळजवळ सगळ्यांच्या बुडाखाली दिविशोवचंच इंजिन असायचं. शीतयुद्धाच्या भरात मॉस्कोचा असो, स्टॉकहोमचा असो की पश्चिम जर्मनीचा, तिघांचंही यंत्र एकाच कारखान्यातलं. यंत्र सारखं असताना एकाच देशाने एवढं जिंकावं, म्हणजे फरक माणसांत आणि हवामानात असणार, हे तिथेच कळतं.

आता यंत्राकडे. या गाडीला ब्रेक नाहीत. पुढे नाहीत, मागे नाहीत. गिअर दोनच. पेट्रोलऐवजी मिथेनॉल. चाकांवर खिळे : पुढच्या चाकावर साधारण नव्वद, मागच्या चाकावर दोनशे किंवा त्याहून जास्त, आणि प्रत्येक खिळा बाहेर जवळजवळ तीन सेंटिमीटर. शर्यत नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावीकडेच, म्हणून खिळ्यांची दाटीही टायरच्या डाव्या अंगाला. चाकांवर लोखंडी कमान बसवणं सक्तीचं, ती जवळजवळ बर्फापर्यंत खाली आलेली असते. ती नसेल तर पडलेल्याच्या अंगावरून जाणारं चाक काय करील, ते लिहायला नको. कडेला भिंतीऐवजी पेंढ्याचे गठ्ठे रचलेले.

आपल्याकडे हे वर्णन ऐकलं की जत्रेतला मौत का कुआँ आठवतो. मलाही आठवला. त्यात वेग माणसाला फळ्यांवर दाबून धरतो आणि वेग गेला की खेळ संपला. बर्फावर उलटं आहे. इथे पकड खिळ्यांची आहे, आणि ती इतकी जबर आहे की मातीवरच्या स्पीडवेसारखं मागचं चाक घसरवत वळण घ्यायची सोयच उरत नाही. मातीवर चालक गाडी फरफटवतो, बर्फावर तो तिला आडवी करतो. गाडी डावीकडे इतकी कलते की हँडलचं डावं टोक बर्फ खरवडतं आणि डावा गुडघा बर्फावरून घासत जातो. त्या गुडघ्यावर जुन्या टायरचे तुकडे बांधलेले असतात. सरळ पट्ट्यात वेग ताशी १३० किलोमीटरपर्यंत, वळणात शंभराच्या आसपास. आणि पकड इतकी पक्की असल्यामुळेच चूक वाईट. घसरणारी गाडी चालकाला थोडी सूचना देते. खिळ्यांवर चालणारी गाडी पकड सुटेपर्यंत काही बोलत नाही, आणि सुटली की माणसाला उचलून बाहेरच फेकते.

स्पर्धेची मांडणी सुरेख आहे. एका शर्यतीत चौघे, चार फेऱ्या. लाल, निळं, पांढरं, पिवळं अशा चार रंगांची हेल्मेटं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. सोळा जण, वीस शर्यती. प्रत्येक जण पाचदा धावतो आणि दरवेळी तिघे नवे भेटतात, म्हणजे संध्याकाळ संपेपर्यंत तो उरलेल्या पंधराही जणांना एकेकदा भिडलेला असतो. कोणाशी गाठ पडली नाही म्हणून वाचला, असं कोणी म्हणू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गंमत म्हणजे या थंडगार खेळाचा आजा उन्हाळ्यातला आहे. स्पीडवेचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावच्या प्रदर्शनाच्या मैदानात १५ डिसेंबर १९२३ला झाला असं बहुतेक इतिहासकार धरतात. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. जॉनी हॉस्किन्स या माणसाने मातीच्या गोल वाटेवर मोटरसायकली पळवल्या. १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला हे खूळ पोचलं आणि १९३६ला वेंब्लीवर मातीवरच्या स्पीडवेचा पहिला जगज्जेता ठरला, तोही ऑस्ट्रेलियन, लायनेल व्हॅन प्राग. उत्तरेतले लोक तोपर्यंत गोठलेल्या तळ्यांवर आपापल्या पद्धतीने गाड्या पळवतच होते. बव्हेरियातलं आयब्झे, ऑस्ट्रियातलं झेल आम झे, स्कँडिनेव्हियातली असंख्य तळी. काही ठिकाणी तर मोटरसायकलमागे दोर बांधून स्की लावलेला माणूस ओढत न्यायचे. त्या तळ्यांवरच्या हौसेला मेटलंडच्या गोलाचं शिस्तीचं वेड लागलं आणि एफआयएम या जागतिक मोटरसायकल संघटनेने १९६६ला त्यावर जगज्जेतेपदाचा शिक्का मारला.

तो शिक्का थेट उफाला गेला. उरल पर्वताच्या पश्चिमेला, बाश्किरियाची राजधानी. तेलशुद्धीचे कारखाने, महिनोन्‌महिने चालणारा हिवाळा. कादिरोव उफाचा. समोरोदोव उफाचा. १९६४ आणि १९६५ला मातीवरच्या स्पीडवेत जगात दुसरा आलेला इगोर प्लेखानोवही उफाचाच. पुढे आठ वेळा जगज्जेता झालेला क्रास्निकोवसुद्धा तिथलाच. एका शहरातून एवढी माणसं निघाली की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कोल्हापुरात तालमी होत्या म्हणून मल्ल झाले, तिथे दोसाफचे मोटर क्लब होते. दोसाफ म्हणजे सैन्याला पूरक म्हणून तरुणांना गाडी चालवणं, पॅराशूट, रेडिओ शिकवणारी सरकारी छत्राखालची संस्था. पोराला मोटरसायकल मिळायची, मिस्त्री मिळायचा, वर शिकवायला एखादा प्लेखानोव मिळायचा. मैदानात पाणी सोडलं की निसर्ग रात्रीत बर्फ करून द्यायचा, फुकट. उफा, तोल्यात्ती, शाद्रिन्स्क, कामेन्स्क-उराल्स्की अशी स्टेडियमं उभी राहिली. संघांची लीग झाली. तिथला पोरगा एका हिवाळ्यात जेवढ्या शर्यती धावायचा तेवढ्या बव्हेरियातल्या पोराला गोळा करायला दोन-तीन हिवाळे लागत असतील. मग यादी एकसुरी झाली तर नवल ते काय!

म्हणून रशियन वर्चस्वाबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांनी खेळ पळवला नाही, तो वाढवला. जोपर्यंत ते होते तोपर्यंत ऑस्ट्रियाच्या फ्रांझ झोर्नला किंवा जर्मनीच्या ग्युंटर बाउअरला ठाऊक होतं की खरी कसोटी कोणाविरुद्ध आहे. तिसरा क्रमांक म्हणजे त्यांच्या गावात मिरवणूक. सांघिक जगज्जेतेपद १९७९पासून सुरू झालं, तिथेही हाच पाढा, बाहेरच्यांची पाळी कधीतरीच. स्वीडनने काही वेळा तो मोडून दाखवला, म्हणून तिकडे या खेळाला मान.

इन्झेलला गेलो तो मार्चमधला शनिवार होता. म्युनिकहून ट्राउनश्टाइनपर्यंत रेल्वे, पुढे बस. डोंगरउतारावर बर्फ उरला होता, पण रस्त्याच्या कडेला चिखल आणि पिवळी फुलं. आणि हा खेळ हिवाळ्याचा! इन्झेलमध्ये स्केटिंगची ४०० मीटरची लांबोळी वाट आहे, २०११पासून वर छप्पर असलेली. तेच आजच्या आइस स्पीडवेचं माहेर झालंय. स्केटिंगचा हंगाम संपत आला, आता तसाही बर्फ वितळवून टाकायचाच, तर त्याआधी खिळेवाल्यांना दोन दिवस उधळू द्या, असा एकंदर हिशेब. एप्रिलच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या हेरेनव्हेनच्या थिआल्फमध्येही तेच. जगात सगळ्यात नाजूक पोताचा बर्फ स्केटिंगवाले जपतात आणि हंगामाच्या शेवटी तो हातोहात चिंध्या करायला देतात. डच माणूस एरवी पै-पै मोजतो म्हणतात. इथे तो उधळा वाटला. किंवा टाकाऊतून तिकिटं विकणारा हुशार वाटला, तुम्हाला हवं ते घ्या.

शर्यतीपेक्षा माझा जास्त वेळ गाड्यांच्या आवारापाशी कठड्याला टेकून गेला. तिथे एक साठीचा माणूस जमिनीवर गोणपाट अंथरून बसला होता. मांडीत मागचं चाक. टोपीला कुठल्यातरी सुतारकामाच्या दुकानाची जाहिरात. तो एकेक खिळा अंगठ्याने हलवून बघत होता. दाताच्या डॉक्टरने दात हलवून बघावा इतक्या सावकाश. हलला की बॅटरीवरच्या ड्रिलने घट्ट, टोक बोथट वाटलं की काढून दुसरा. खिळ्यांचा डबा आइसक्रीमचा होता. चाक पूर्ण फिरवून झाल्यावर त्याने ते उभं केलं, कानाशी नेऊन हाताने फिरवलं आणि ऐकलं. काय ऐकलं ते त्यालाच ठाऊक, पण समाधान झालेलं दिसलं. शेजारी चामड्याचा पोशाख कमरेपर्यंत उतरवून त्याचा चालक, बहुधा मुलगाच, केळं खात होता. दोघांत दहा मिनिटं एक शब्द नाही. जागतिक अजिंक्यपदाच्या फेरीत भाग घेणारा संघ म्हणजे हे दोघे, एक व्हॅन आणि आइसक्रीमचा डबा. फॉर्म्युला वनच्या आवारात शंभर माणसं गळ्यात ओळखपत्रं घालून फिरतात. इथे व्हॅनची काच पुसायलाही तोच बाप.

मग चौघे सुरुवातीच्या पट्ट्यांशी आले. आवाजाबद्दल लोकांनी सांगितलं होतं, खिळ्यांबद्दल नव्हतं. पट्टी उडाली आणि इंजिनांच्या फाटक्या गर्जनेच्या खाली दुसरा एक आवाज सुरू झाला, कोरडा, करकरीत, सलग. हजारभर टोकं बर्फ फोडत होती. वळणावर चौघांच्या मागून बर्फाचा चुरा कारंज्यासारखा उडाला आणि पहिल्या रांगेतल्या लोकांनी सवयीने चेहरे फिरवले. मी फिरवला नाही. चष्म्यावर, ओठांवर, कॉलरच्या आत गारगार रवा. त्याला मिथेनॉलचा गोडसर उग्र वास. चार फेऱ्या जेमतेम मिनिटभरात संपल्या. बर्फावर दोन वळणांत नांगरल्यासारखे चर पडले होते. ट्रॅक्टर आले, चुरा ढकलला, पाणी मारलं, आणि सगळे जण गोठण्याची वाट बघत सॉसेज खायला गेले. या खेळात वाट बघणं बरंच आहे. मला ते आवडलं. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला मधल्या वेळेत गप्पा मारायची सवय असतेच.

शेजारी एक डच जोडपं उभं होतं. बाई म्हणाल्या, आम्ही पूर्वी आसेनला जायचो, उघड्यावरची वाट, पाऊस आला की सगळं तळं. आता हेरेनव्हेनला छताखाली बसतो तर उकडतं. त्यांना विचारलं, रशियन नाहीत तर मजा कमी झाली का? नवऱ्याने खांदे उडवले. बाई म्हणाल्या, आता कोण जिंकणार ते आधी माहीत नसतं. आणि मग थोडं थांबून, पण त्यांच्यासारखं वळण कोणी घेत नाही.

‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या या खेळाचा पसारा किती, हे त्या दिवशी उभं राहून मोजता येत होतं. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, चेक, पोलंड, असे हाताच्या बोटांवर मावतील इतके देश. स्वीडनच्या स्ट्रॉमसुंडसारख्या गावांत हिवाळ्यातला बर्फ अजून निसर्गाचा, पण तिथलेही लोक आभाळाकडे काळजीने बघतात. बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फमध्ये उघड्या रिंकवर वर्षानुवर्षं शर्यती होत आल्या, भर शहरात, सभोवती बिऱ्हाडं. कझाखस्तानने अल्माटीच्या वरच्या डोंगरातल्या मेदेऊ रिंकवर, १,६९१ मीटर उंचीवर, गेल्या दशकात जागतिक फेऱ्या भरवल्या. ज्या रिंकवर सोव्हिएत काळात स्केटिंगचे विक्रम पडायचे तिथे खिळ्यांच्या गाड्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांवरही मोटरसायकली धावतात, पण टायरला पत्र्याचे छोटे स्क्रू मारून. ती गोत्रंच वेगळी, रोटीबेटी व्यवहार नाही. इंग्लंडात टेलफर्डच्या रिंकवरही असंच काहीतरी व्हायचं. बस.

म्हणजे हा खेळ पसरला असं म्हणायचं, पण तो पसरला बर्फाच्या सोयीने. पूर्वी जिथे आभाळ फुकट बर्फ द्यायचं तिथे राहिला, आता जिथे स्केटिंगवाले विजेचं बिल भरतात तिथे आसऱ्याला गेला. गुरुत्वमध्य उफाकडून हेरेनव्हेनच्या फ्रीसलंड प्रांताकडे सरकला. हे सरकणं युद्धाच्या आधीच सुरू झालं होतं, कारण मध्य युरोपात भरवशाचा हिवाळा उरलेला नाही. पण उरलच्या पलीकडे-अलीकडे तो अजून आहे, आणि म्हणूनच पुढचं प्रकरण जास्त बोचतं.

२०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये एफआयएमने रशिया व बेलारूसच्या चालकांना, संघांना स्पर्धांतून थांबवलं. फुटबॉलमध्ये रशिया गेल्याने स्पर्धेला फारसं काही कमी पडलं नाही. टेनिसमध्ये ते झेंड्याविना खेळत राहिले. आइस स्पीडवेचं मात्र अर्धं अंगच गेलं. सर्वोत्तम चालक, सर्वोत्तम मैदानं, सर्वात मोठा प्रेक्षक, सगळं एका रात्रीत पलीकडे. मागे उरले बाप-लेक आणि आइसक्रीमचे डबे.

बंदी चुकली असं मी म्हणणार नाही. शहरांवर क्षेपणास्त्रं पडत असताना त्याच देशाचं राष्ट्रगीत बव्हेरियात वाजवायला उभं राहणं मला जमलं नसतं. दिनार वालेयेवने स्वतः काय केलं होतं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तो विशी पार केलेला पोरगा एकदा जगज्जेता झाला आणि मग त्याला किताब राखायची संधीच मिळाली नाही. हरला असता तर यादीने त्याला नीट निरोप दिला असता.

पण हाराहिल्टुनेनच्या मुकुटाला कमी लेखणारे जेव्हा म्हणतात की हे तर रिकाम्या घरातलं पाटीलपण, तेव्हा मी त्यांना ते पंधरा जण दाखवतो. जो आला त्या प्रत्येकाशी तो भिडला, वेगवेगळ्या बर्फांवर, वेगवेगळ्या देशांत. त्याचं आडनाव फिनिश, अंगावरचे रंग स्वीडनचे, आणि २०२३च्या आधीची कित्येक वर्षं त्याने त्याच रशियन लोकांच्या मागे बर्फाचा चुरा खात काढली आहेत. त्याने शिकायचं ते त्यांच्याकडूनच शिकलं. अजिंक्यपद हे त्या दिवशी बर्फावर उभ्या असलेल्या माणसांमधलं असतं. उफाला घरी बसलेल्यांना हरवायची अट त्यात घालायची असेल तर १९३६च्या वेंब्लीपासून सगळ्याच याद्या तपासायला बसावं लागेल. कोणी दुखापतीने आला नाही, कोणाला व्हिसा मिळाला नाही, कोणाच्या देशाने बहिष्कार टाकला. ऑलिम्पिकची १९८० आणि १९८४ची पदकं आपण कुठे परत मागितली?

शिवाय वर्चस्व हटल्यावर या खेळात एक वेगळीच हालचाल सुरू झाली आहे. नेदरलँड्सचा यास्पर इवेमा बघा. हा मुलगा रस्त्यावरच्या ग्रां प्रीमध्ये, १२५ सीसी आणि मोटो३ गटात धावत होता. गुळगुळीत डांबर, टेलिमेट्री, गळ्यात ओळखपत्रं, सगळं त्याने बघितलेलं. तिथलं संपल्यावर तो खिळ्यांकडे वळला आणि जगातल्या पहिल्या रांगेत येऊन बसला. जुने जाणते म्हणतील, क्रास्निकोवच्या जमान्यात डांबरावरच्या पोराला एवढं सोपं गेलं नसतं. म्हणू देत. दार उघडलं की माणसं आत येतात, आणि आत आलेली शिकतात. रशियनही असंच कुठूनतरी शिकून आले होते. मातीवरचे डाव त्यांनी परदेशातल्या मैदानांत जाऊनच उचलले.

रशियात शर्यती थांबलेल्या नाहीत. त्यांचे ते आपापसात धावतात, भरल्या स्टेडियममध्ये, फुकटच्या बर्फावर. इकडे हे छताखालच्या विकतच्या बर्फावर. दोन्हीकडे बऱ्याच जणांचं इंजिन अजून दिविशोवचं. एकाच खेळाचे हे दोन तुकडे परत कधी जुळतील ते युद्ध ठरवील, एफआयएम नव्हे. जुळले आणि पट्ट्यांशी हाराहिल्टुनेन, इवेमा, वालेयेव आणि आणखी एखादा उफाचा नवा पोरगा असे चौघे उभे राहिले, तर मी इन्झेलला पहिल्या रांगेत असेन. जीव स्वीडनवर असेल. पैज लावायची झाली तर मात्र पैसे उफावर.